कैद्यांचे मानसिक आरोग्य: पहिली तपासणीच का महत्त्वाची?

न्यायालयीन कोठडीत गेलेल्या माणसाचे स्वातंत्र्य हिरावले जाते. उपचाराचा त्याचा अधिकार मात्र कायम राहतो. भारतीय कायद्याची ही भूमिका स्पष्ट आहे. तरीही कारागृहातील रुग्णांना, विशेषतः मानसिक रुग्णांना, प्रत्यक्षात कितपत उपचार मिळतात हा प्रश्न गेली अनेक दशके न्यायालयांपुढे सातत्याने येत आहे. या प्रश्नाची व्याप्ती किती मोठी आहे, हे बंगळुरूच्या परप्पन अग्रहार येथील मध्यवर्ती कारागृहात झालेल्या एका पाहणीतून पुढे आले.

बंगळुरूतीलच राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजेच 'निम्हान्स', आणि कर्नाटक राज्य विधी सेवा प्राधिकरण यांनी ही पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या ५,०२४ कैद्यांपैकी ४,००२ जणांना, म्हणजे ७९.६ टक्के कैद्यांना, मानसिक आजार किंवा व्यसनाधीनता यांपैकी काही ना काही असल्याचे आढळले. व्यसनाधीनता वगळल्यावरही १,३८९ कैदी, म्हणजे २७.६ टक्के, मानसिक आजाराचे रुग्ण ठरले.

याउलट राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात देशभरातील सुमारे साडेपाच लाख कैद्यांपैकी जेमतेम १.७ टक्के कैद्यांना मानसिक आजार असल्याची नोंद आहे. एक आकडा एका कारागृहाचा आणि दुसरा संपूर्ण देशाचा असल्याने त्यांची थेट तुलना करता येणार नाही. मात्र दोन्ही आकडे मिळवण्याची रीतच भिन्न आहे. बंगळुरूमध्ये कैद्यांशी बोलून आजाराचा शोध घेण्यात आला. राष्ट्रीय अहवालात कारागृहांनी ज्यांची नोंद केली तेवढेच रुग्ण मोजले गेले. शोध घेतल्याखेरीज हा आजार कागदावर येत नाही, हाच या तफावतीचा अर्थ आहे.

पहिले काही दिवस धोक्याचे

कारागृहात दाखल होणाऱ्या प्रत्येक कैद्याची वैद्यकीय तपासणी बंधनकारक आहे. १८९४ च्या कारागृह कायद्यापासून ही तरतूद चालत आली आहे. वैद्यकीय अधिकारी अंगावरील जखमा, वजन आणि प्रकृतीची नोंद घेतात. हे सर्व शरीरापुरते असते. मनाची चौकशी त्याच वेळी झाली नाही, तर ती पुढे होईलच याची खात्री नसते.

या चौकशीला तातडीचे वैद्यकीय कारणही आहे. दीर्घकाळ नियमित मद्यपान करणाऱ्याची दारू अचानक बंद झाली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातापायांना कंप सुटणे, झटके येणे, भ्रम होणे अशी लक्षणे दिसू शकतात. वेळीच उपचार न झाल्यास ती जिवावर बेतू शकतात. स्किझोफ्रेनिया किंवा अपस्माराच्या रुग्णाची रोजची औषधे अटकेसरशी बंद पडतात. अटकेचा धक्का, बदनामीची भीती आणि खटल्याची अनिश्चितता यांमुळे आत्महत्येचा धोकाही याच काळात वाढतो. ही लक्षणे ओळखता न आल्यास आजारी माणूस 'बेशिस्त' किंवा 'सोंग करणारा' ठरण्याची शक्यता असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशातील कारागृहांत १,९९५ कैद्यांचा मृत्यू झाला. त्यांपैकी १५९ मृत्यू अनैसर्गिक होते आणि त्यांतील ११९ आत्महत्या होत्या.

बंगळुरूहून गेलेले पत्र

बंगळुरूच्या कारागृहाचा या प्रश्नाशी जुना संबंध आहे. शहराच्या मध्यवर्ती भागातील जुन्या कारागृहाच्या जागी आज 'फ्रीडम पार्क' हे उद्यान आहे. आणीबाणीत अभिनेत्री स्नेहलता रेड्डी तेथे बंदिवान होत्या. त्यांना दम्याचा जुना विकार होता. कारागृहात त्यांची प्रकृती खालावत गेली आणि जानेवारी १९७७ मध्ये सुटकेनंतर अवघ्या काही दिवसांत त्यांचे निधन झाले. राजापूरचे तत्कालीन खासदार मधू दंडवते त्याच कारागृहात होते. रात्रीच्या शांततेत ऐकू येणाऱ्या त्यांच्या किंकाळ्यांची आठवण दंडवते यांनी नंतर लिहून ठेवली.

याच कारागृहातील राममूर्ती नावाच्या कैद्याने १९८४ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहून तेथील परिस्थितीबद्दल तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्र याचिका म्हणून दाखल करून घेतले. १९९६ च्या निकालात न्यायालयाने कारागृहांच्या नऊ प्रमुख समस्या नमूद केल्या. आरोग्याकडे होणारे दुर्लक्ष ही त्यांपैकी एक होती. कैद्याला स्वतःचा डॉक्टर निवडता येत नाही, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेता येत नाही आणि बंदिवासामुळे आजाराचा धोकाही वाढतो. म्हणून त्याच्या आरोग्याची जबाबदारी समाजावर येते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

त्याआधी मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर १९९३ मध्ये निकाल देताना, कोणताही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना कारागृहात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये कैद्यांसाठी स्वतंत्र कलम आहे. प्रत्येक राज्यातील किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचार केंद्र असावे, तसेच कारागृहांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजारांवरील प्राथमिक व तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण मिळावे, असे हा कायदा सांगतो. कारागृहात मानसिक रुग्ण नसल्याचे प्रमाणित करणारा अहवाल वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला पाठवायचा असतो. मंडळाला कारागृहाला भेट देऊन, रुग्ण कैद्याला उपचार केंद्रात का हलवले नाही, असा जाब विचारता येतो. दाखल होताना प्रत्येक कैद्याची मानसिक तपासणी आणि सुटकेनंतरच्या उपचारांची सोय यांचा समावेश या कायद्याखालील २०१८ च्या नियमांत आहे.

साखळी कोठे तुटते?

पहिली अडचण मनुष्यबळाची आहे. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेनुसार ३०० कैद्यांमागे एक डॉक्टर आणि ५०० कैद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ वा समुपदेशक अपेक्षित आहे. 'इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५' नुसार देशात सरासरी ७७५ कैद्यांमागे एक डॉक्टर आहे, तर पावणेसहा लाख कैद्यांसाठी मानसशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ मिळून केवळ २५ आहेत.

दुसरी अडचण प्रवासाची आहे. कारागृहातील दवाखान्यात तज्ज्ञ नसल्यास रुग्णाला शासकीय रुग्णालयात न्यावे लागते. बंगळुरूमध्ये व्हिक्टोरिया रुग्णालय किंवा 'निम्हान्स' ही ठिकाणे शहरातच आहेत. अनेक जिल्ह्यांत तशी सोय जवळ नाही. शिवाय रुग्णासोबत पोलिस पथक लागते. बंदोबस्तात मनुष्यबळ गुंतले की रुग्णालयाची तारीख हुकते आणि त्यासोबत औषधेही खंडित होतात.

तिसरी अडचण सुटकेच्या दिवसाची आहे. जामीन मंजूर झाल्यावर कैदी बाहेर पडतो. औषधांची चिठ्ठी आणि पुढील तपासणीची तारीख त्याच्यासोबत जाईलच असे नाही. २०२२ मध्ये देशातील सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे कैदी होते. त्यांचे येणे-जाणे सतत सुरू असल्याने उपचारांत खंड पडण्याचा धोका त्यांना अधिक असतो.

कारागृहातील आरोग्यसेवा कोणाच्या अखत्यारीत असावी, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. नॉर्वेने १९८८ मध्ये, फ्रान्सने १९९४ मध्ये आणि इंग्लंडने २००६ पर्यंत ही जबाबदारी तुरुंग प्रशासनाकडून सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडे सोपवली. कैद्यावर पहारा ठेवणे आणि त्याच्यावर उपचार करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हा त्यामागील विचार होता.

नातेवाइकांना काय करता येईल?

अटक झालेल्या व्यक्तीवर पूर्वीपासून उपचार सुरू असतील, तर डॉक्टरांची चिठ्ठी व कागदपत्रांच्या प्रती कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे शक्य तितक्या लवकर द्याव्यात आणि वकिलामार्फत न्यायालयाच्याही निदर्शनास आणाव्यात. वकील नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. त्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे.

आसाममधील मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली आणि त्यांची रवानगी मनोरुग्णालयात झाली. खटला न चालताच ५४ वर्षे गेल्यानंतर २००५ मध्ये त्यांची सुटका झाली. नोंद झाली, पण तिचा पाठपुरावा झाला नाही, तर काय घडते हे या प्रकरणाने दाखवले. नोंदच झाली नाही, तर काय घडू शकते याचा इशारा बंगळुरूच्या पाहणीने दिला आहे. प्रवेशाच्या दिवशी विचारलेले काही साधे प्रश्न आणि त्यांच्या उत्तरांची नीट ठेवलेली नोंद यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही; असलेल्या कायद्याची अंमलबजावणी पुरेशी आहे.