दोन बेअरिंगांच्या मधली नळी

मागच्या चाकातलं तिसरं बेअरिंग, कपलिंग रबराच्या पलीकडे चेनच्या चकतीच्या बैठकीत असतं ते, आज काढायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मुलुंडच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय मागच्या चाकाकडे वळण्यात अर्थ नाही.

त्यांची गाडी शंभर सीसीची. रोज मुलुंडहून एलबीएस मार्गाने, पुढे जेव्हीएलआरवरून अंधेरीला. पावसाळ्यानंतर पुढचं चाक घुमायला लागलं, म्हणून गॅरेजमध्ये दोन्ही बेअरिंगं बदलून घेतली. दिवाळीपर्यंत पुन्हा तोच आवाज. पुन्हा बदलली, आणि आता तिसऱ्यांदा चाक घुमतंय. नंबर बरोबर होता, ६३०१. माल नागदेवीतून आणलेला. त्यांचा प्रश्न सरळ आहे: बेअरिंग डुप्लिकेट मिळालं का?

आपल्या लेखमालेचा मागचा भाग वाचून यावेळी त्यांनी चाक स्वतः उतरवलं, बेअरिंगं बाहेर काढली आणि सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडून फोटो पाठवला. मांडणी व्यवस्थित आहे. डावीकडे एक्सल आणि नट, मग मीटरची गिअरपेटी, दोन बेअरिंगं, एक रबरी सील, उजव्या बाजूची आखूड कॉलर. एवढंच. मी फोटो मोठा करून कोपरे तपासले, कारण एक वस्तू कमी होती. एक्सल जिच्या पोटातून जातो ती लोखंडी नळी, दोन बेअरिंगांच्या मधोमध बसणारी. पार्टवाला तिला स्पेसर म्हणतो, कुणी मेकॅनिक कॉलर, कुणी बुश. फोन करून विचारलं. हबमध्ये बोट घालून बघितलं त्यांनी. आत काहीच नव्हतं. पहिल्या वेळी बेअरिंगं ठोकून काढताना ती खाली पडली असणार आणि तिथेच राहिली. तिच्याशिवाय एक्सल आरपार जातो, नट आवळला जातो, चाक फिरतं, त्यामुळे ती नाही हे बाहेरून कुणालाही कळत नाही.

ही नळी काय करते, ते आकड्यांत सांगतो.

एक्सल १२ मिमी जाडीचा. नट साधारण ५० न्यूटन-मीटरने आवळला, म्हणजे फूटभर लांब पान्याच्या टोकाला सोळा-सतरा किलोचा जोर दिला, की एक्सलमध्ये जवळजवळ २० किलोन्यूटनचा ताण तयार होतो. किलोत सांगायचं तर दोन टनांच्या आसपास. आट्यांवर तेल आहे की गंज, यावर हा आकडा खाली-वर होतो, पण मामला टनांचाच. हा सगळा दाब फोर्कच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत एका ओळीतून जातो: गिअरपेटी, बेअरिंगची आतली रिंग, नळी, दुसऱ्या बेअरिंगची आतली रिंग, बाहेरची कॉलर. ओळ अखंड असेल तर आतल्या रिंगा आणि नळी मिळून एकच सलग खांब होतो. तो खांब दोन टन पेलतो, आणि छऱ्र्यांपर्यंत त्यातला काहीही पोचत नाही. छऱ्र्यांवर येतं ते फक्त गाडीचं आणि स्वाराचं वजन.

नळी काढून घेतली की खांबाला मधोमध भगदाड पडतं. बाहेरच्या रिंगा हबच्या पायरीला टेकलेल्या, त्या हलू शकत नाहीत. आतल्या रिंगा नटाच्या दाबाने एकमेकींकडे ओढल्या जातात. मग दोन टन कुणी घ्यायचे? छऱ्र्यांनी. ते आपल्या खाचेच्या तळातून सरकून कडेवर चढतात. कॅटलॉगमध्ये ६३०१ ची स्थिर भारक्षमता ४.१५ किलोन्यूटन दिलेली असते, म्हणजे सव्वाचारशे किलोच्या जवळपास, आणि बाजूने येणारा भार त्याच्या निम्म्यावर जाऊ देऊ नये असा साधारण नियम आहे. जिथे दोनशे किलो हीच हद्द, तिथे त्याच्या कितीतरी पट जोर आला की खाचेच्या कडेला बारीक खळगे पडतात. पहिल्या दिवशी काही जाणवत नाही. काही आठवड्यांत खळग्यांचे पापुद्रे सुटतात आणि चाक घुमायला लागतं. मुलुंडकरांच्या बेअरिंगांना हेच झालं. माल अस्सल असता तरी हेच झालं असतं.

अशा चाकाची एक ओळखीची खूण आहे. नट पूर्ण आवळला की चाक जड फिरतं, थोडा सैल केला की मोकळं. आणि इथेच आपल्याकडचे बरेच जुने हात चुकीच्या वाटेला जातात. चाक जड आहे ना, मग नट जरा ढिला ठेवा, असा सल्ला मी बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत ऐकला आहे. ही सवय सायकलच्या दुकानातून आली आहे, अशी माझी खात्री आहे. सायकलच्या हबमध्ये सुटे छर्रे, कप आणि कोन असतात. तिथे कोन आवळून-सैलावून ‘खेळ’ हातानेच ठरवायचा असतो, आणि चांगल्या कारागिराचं कसब नेमकं त्यातच असतं. आपल्याकडचे कितीतरी उत्तम मेकॅनिक सायकलवरूनच मोटरसायकलवर आले. पण मोटरसायकलच्या हबमध्ये खेळ ठरवायचं काम नटाकडे नाहीच. ते कारखान्यात बेअरिंग बनतानाच ठरलेलं असतं, आणि नळीची लांबी ते जपते. एक्सलचा नट ढिला ठेवून गाडी चालवणं सरळसरळ धोक्याचं आहे. नट सैल केल्याशिवाय चाक मोकळं फिरत नसेल तर चाक पुन्हा उतरवा.

आता उलटी चूक, जी नळी जागेवर असूनही होते आणि घरी काम करणाऱ्यांकडून जास्त होते. हबच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर नळीच्या लांबीपेक्षा अगदी किंचित कमी असतं. हे मुद्दाम ठेवलेलं आहे. पहिलं बेअरिंग पायरीला टेकेपर्यंत बसवायचं, मग नळी, मग दुसरं बेअरिंग, आणि दुसऱ्याची आतली रिंग नळीला टेकली की थांबायचं. तिथे बाहेरची रिंग पायरीला टेकलेली नसते, केसभर फट राहते. ती फट बघून अनेकांना वाटतं, अजून बसलं नाही. मग आणखी दोन हातोड्या. बाहेरची रिंग आत जाते, आतली नळीवर अडते, आणि छर्रे पुन्हा कडेवर, यावेळी उलट्या दिशेने. कोणतं बेअरिंग आधी बसवायचं हे गाडीगणिक बदलतं, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ते बघितल्याशिवाय सुरुवात करू नका.

हब गरम करून बेअरिंग बसवणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पायऱ्यांमधलं अंतर ६० मिमी धरलं तर हब १०० अंशांवर असताना ते सुमारे एक दशांश मिमीने वाढलेलं असतं. गरम हबमध्ये जे बरोबर वाटतं ते थंड झाल्यावर आवळलेलं निघू शकतं. म्हणून तपासणी हब पूर्ण थंड झाल्यावरच. आवळलेलं निघालं तर पहिल्या बाजूने रॉड घालून नळीच्या कडेवर हलक्या टिचक्या द्या, दुसरं बेअरिंग केसभर मागे सरकतं.

तपासणीसाठी चाक गाडीवर चढवायची गरज नाही. गाडीवर ब्रेक घासतो आणि काय जड आहे ते नीट कळत नाही. सोसायटीच्या आवारात जुना टायर टाकून त्यावर चाक आडवं ठेवा. आधी बोटाने नळी बाजूला ढकलून बघा: थोड्या जोराने सरकली पाहिजे, खुळखुळता कामा नये. मग एक्सल घाला. फोर्कचे पाय नाहीत, तेवढी जागा भरायला पाइपचे तुकडे किंवा मोठे सॉकेट लावा, पण ते फक्त आतल्या रिंगेच्या ओळीत टेकले पाहिजेत, बाहेरच्या रिंगेवर किंवा हबवर नाही. नट हाताने लावा आणि एक्सल बोटांनी फिरवा. मऊ, तुपात फिरल्यासारखा हात लागेल. आता पाना लावून नट पूर्ण आवळा आणि पुन्हा फिरवा. फरक पडता कामा नये. तोच मऊपणा राहिला तर काम झालं. जड झाला, कुठे अडकला, किंवा बोटांना बारीक दातरे जाणवले, तर नळी आखूड आहे, नाही, किंवा दुसरं बेअरिंग जास्त आत गेलं आहे. ही परीक्षा गॅरेजमध्ये कुणी करताना मला दिसत नाही, आणि घरी काम करण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे की आपल्याला ती करायला वेळ असतो.

नळी हरवत नाही तेव्हाही तिला दुखापत होते. जुनं बेअरिंग काढताना आपण रॉड आतून तिरका घालून ठोकतो, तेव्हा निम्मे घाव नळीच्या टोकावर बसतात. टोक फाकतं, एका बाजूला खुंट वर येतो. तशीच परत बसवली तर आतली रिंग तिरकी टेकते. खुंट सपाट कानशीने हलकेच उतरवा, पण लांबी खाऊ नका. मग नळी काचेवर उभी करा. डुलली तर टाकून द्या. व्हर्निअर असेल तर चारी बाजूंनी लांबी मोजा. साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये लेथवर अशी नळी कुणीही करून देईल, पण दोन्ही टोकं समांतर आणि लांबी दशांश मिमीच्या आत अचूक मिळेल याची हमी कुणी देत नाही. कंपनीची नळी पार्ट नंबर देऊन मागवता येते आणि ती महाग भाग नाही. माझं मत स्पष्ट आहे: नवीच घ्या.

बेअरिंगवर आळ येतो आणि गुन्हेगार दुसराच असतो, ही गोष्ट या धंद्याच्या मुळाशीच आहे. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला एक कापडगिरणी चिकणमातीच्या जमिनीवर उभी होती. जमीन हले, छताखालचे लांब शाफ्ट रेषा सोडत, आणि बेअरिंगं जात राहत. तिथल्या स्वेन विंगक्विस्ट या इंजिनिअरने शाफ्ट तिरका झाला तरी स्वतःला जुळवून घेणारं दोन ओळींचं बॉल बेअरिंग काढलं, आणि १९०७ साली त्यावर एसकेएफ कंपनी उभी राहिली. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये तिचा कारखाना आहे. पण चाकात असतं ते एका ओळीचं खोल खाचेचं बेअरिंग. त्याच्याकडे ती क्षमा नाही, तिरकेपणा ते जवळजवळ सोसत नाही.

डुप्लिकेट मालाची भीती मात्र खोटी नाही. मशीद बंदरला उतरून नागदेवीत जाणार असाल तर पक्कं बिल मागा. बड्या कंपन्यांनी खोका आणि खुणांचे फोटो पाठवून माल तपासून घ्यायची सोय मोबाइलवर केली आहे, ती वापरा. फार स्वस्त दिलेलं बेअरिंग घेऊ नका. बोरिवलीच्या एका वाचकांनी विचारलं होतं, पत्र्याच्या झाकणाचं घ्यावं की रबरी सीलचं. मुंबईत दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच घ्या. पत्र्याचं झाकण धूळ अडवतं, पाणी नाही.

आणि पाणी आपल्याकडे हबच्या वर चढतं. अंधेरी सबवे, मिलन सबवे, एलबीएस मार्गाचे सखल पट्टे. लांबून आलेल्या गाडीचा हब तापलेला असतो, आतली हवाही. तो एकदम पाण्यात बुडाला की हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. ते नळीभोवती साचतं. नळी गंजते, पुढे एक्सलही तिच्यात धरतो, आणि मग तो घणाने काढावा लागतो. म्हणून एक्सलवर आणि नळीच्या अंगावर ग्रीसचा पातळ हात फिरवा. अख्खा हब ग्रीसने भरू नका, काही जण भरतात. सीलबंद बेअरिंगला त्याचा उपयोग नाही, आणि तापून पातळ झालेलं ग्रीस ड्रममध्ये उतरलं तर ब्रेक जातो. वॉटर सर्व्हिसिंगवाल्याला जोराची धार एक्सलच्या टोकावर मारू देऊ नका.

मुलुंडकरांनी नळी मागवली आहे, नव्या बेअरिंगांच्या जोडीसह. ती बसवून वरची परीक्षा करा आणि कळवा.

पुढच्या आठवड्यात नक्की मागचं चाक. तिथे अशी एक नळी सोडून आणखी एक आखूड कॉलर असते, चकतीच्या बैठकीत, आणि ती उलटी बसवली जाऊ शकते. ज्यांना तोवर गॅरेजमध्ये बेअरिंग बदलून घ्यायचं असेल त्यांनी चाक खोलताना जवळ उभं राहावं, नळी बाहेर पडताना बघावी आणि परत आत जाताना बघावी. काढलेली जुनी बेअरिंगं घरी आणा, फेकू नका. त्यांच्या खाचेवरच्या खुणा वाचायला आपल्याला या लेखमालेत लागणार आहेत.