परदेशात फिरायला निघालात? ‘एवढं पार्सल नेशील का’ला आधी नाही म्हणायला शिका

भोरजवळच्या उत्रोलीत कुणी परदेशी निघाले, की बातमी गावभर व्हायला एक दिवस पुरतो. मुलगा किंवा सून दुबईत नोकरीला असते, आईवडील पहिल्यांदा विमानात बसणार असतात. बॅगा भरल्या जातात, आणि मग निघायच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी दारात येते. ‘आमचा भाचा पण तिकडेच आहे. एवढं पार्सल नेशील का? विमानतळावर येऊन घेऊन जाईल.’

माणूस ओळखीचा, पाहुण्यांतला. नाही म्हणणे जड जाते. पण परदेशी मोठ्या शहरात पर्यटकाचे जे जे वाईट होऊ शकते, त्यातले सर्वांत वाईट या एका वाक्यातून सुरू होऊ शकते. पाकीट मारले गेले तर पैसे जातात. दुसऱ्याचे पार्सल नेले तर आयुष्यातली वर्षे जाऊ शकतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये इंडिगोने पुण्याहून दुबई आणि बँकॉकची थेट उड्डाणे सुरू केली. भोर, वेल्ह्याच्या माणसाला परदेश त्यामुळे आणखी जवळ आला. म्हणूनच निघण्यापूर्वी काय तपासायचे, तिथे काय टाळायचे आणि अडचण आलीच तर कुणाकडे जायचे, हे समजून घेऊ.

पार्सलमुळे नेमके काय होते?

मुंबईतल्या दोन घटना डोळ्यांसमोर ठेवण्यासारख्या आहेत.

जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक तरुण जोडपे कतारची राजधानी दोहा येथे गेले. सहलीचा खर्च एका नातेवाईक बाईने केला होता. जाताना तिने एक पाकीट दिले. त्यात तंबाखूचा पदार्थ आहे, असे सांगितले. दोह्याच्या विमानतळावर सामान तपासले गेले आणि त्यात चार किलोहून अधिक चरस सापडले. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. इकडे घरच्यांनी तक्रारी केल्या, अमली पदार्थ नियंत्रण विभागाने तपास केला आणि जोडप्याला फसवले गेल्याचे समोर आले. दोघे मुंबईत परतले ते एप्रिल २०२१ मध्ये.

दुसरी घटना एप्रिल २०२३ ची. मुंबईच्या एका अभिनेत्रीला वेब सीरिजच्या ऑडिशनसाठी म्हणून शारजाला पाठवण्यात आले. सोबत एक ट्रॉफी दिली गेली. त्या ट्रॉफीत अमली पदार्थ होते. तिला काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. मुंबई पोलिसांच्या तपासात हा सूड उगवण्यासाठी रचलेला कट असल्याचे उघड झाले. तरीही ती घरी पोहोचली ऑगस्टमध्ये.

दोन्ही घटनांत माणसे निर्दोष होती, आणि पाकीट देणारा चेहरा ओळखीचा किंवा विश्वासाचा होता. विमानतळावरचा अधिकारी एवढेच पाहतो, की बॅग कुणाच्या नावावर आहे. ‘मला माहीत नव्हते’ हे तिथे सिद्ध करावे लागते, आणि तोवर माणूस कोठडीत असतो.

नातेवाइकाला नाही कसे म्हणायचे?

भांडण न करता नाही म्हणता येते. ‘वजन पूर्ण झाले आहे’ ही सबब चालते, पण समोरचा ‘पावशेरच तर आहे’ म्हणतो. त्यापेक्षा सरळ सांगावे : ‘विमानतळावर विचारतात, बॅग तुम्हीच भरली का, दुसऱ्याचे काही आहे का. खोटे बोलता येत नाही.’ हे खरेच आहे. हा प्रश्न अनेक विमानतळांवर विचारला जातो.

अगदी जवळच्या माणसाची वस्तू न्यावीच लागली, तर ती त्याच्यासमोर पूर्ण उघडावी. शिवलेली, चिकटवलेली, डबाबंद वस्तू नेऊ नये. ज्याची बाटली, डबा किंवा मूर्ती उघडून पाहता येत नाही, ती घरीच राहू द्यावी.

येतानाही हाच नियम. दुबईत कुणी ‘एवढी चेन माझ्या घरी दे’ म्हटले, तरी नको. सोन्याच्या दागिन्यांवरची सीमाशुल्काची सवलत वर्षभराहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांसाठी आहे. चार दिवस फिरून येणाऱ्या पर्यटकासाठी ती नाही.

घरचा फराळसुद्धा अडचणीत आणू शकतो?

हो. घरच्या तांदळाचे अनारसे मुलाला पाठवावेत, असे कुठल्या आईला वाटणार नाही? पण अनारशावर खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. खसखस अफूच्या झाडाचे बी आहे, म्हणून तिथला कायदा ती अमली पदार्थांच्या यादीत धरतो. सिंगापूरमध्येही खसखशीबाबत कडक नियम आहेत. खसखस असलेला मसाला, लाडू किंवा अनारसे बॅगेत नकोतच. विड्याची पानेही दुबईला नेऊ नयेत.

औषधांचेही तसेच. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, काही वेदनाशामक गोळ्यांत ट्रॅमाडॉल असते. आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात, अमिरातीत मात्र ती नियंत्रित औषधे आहेत. त्यांसाठी तिथल्या सरकारी यंत्रणेची आधी परवानगी लागते. रक्तदाब, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्याही मूळ पाकिटात ठेवाव्यात आणि सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी असावी. सुट्या गोळ्या पुरचुंडीत बांधून नेऊ नयेत.

ई-सिगारेट थायलंड आणि सिंगापूर दोन्हीकडे बेकायदा आहे. दुबई मेट्रोत खाणे-पिणे किंवा महिलांच्या डब्यात पुरुषाने शिरणे, यासाठी प्रत्येकी १०० दिरहम दंड आहे. अनोळखी बायामाणसांचे फोटो काढणे तिथे गुन्हा ठरू शकतो.

रस्त्यावरच्या फसवणुकी कशा ओळखायच्या?

शहर कोणतेही असो, तऱ्हा ठरलेल्या असतात.

• बँकॉकमध्ये ग्रँड पॅलेसच्या बाहेर नीटनेटका माणूस सांगतो, ‘आज राजवाडा बंद आहे. चला, टुकटुकने दुसरे मंदिर दाखवतो.’ टुकटुक थांबते ती रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानासमोर. राजघराण्याचे विशेष कार्यक्रम वगळता राजवाडा रोज सकाळी साडेआठला उघडतो. खात्री प्रवेशद्वारावरच करावी.

• पॅरिसमध्ये साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांजवळ कुणी ‘मैत्रीचा धागा’ म्हणून मनगटाला दोरा बांधतो आणि मग पैसे मागतो. हात खिशात ठेवून पुढे चालत राहावे.

• पॅरिस, रोम, बार्सिलोनाच्या मेट्रोत पाकीटमार टोळीने फिरतात. एक जण समोर अडखळतो, दुसरा खिसा साफ करतो. पाठीवरची सॅक गर्दीत पोटावर घ्यावी.

• लंडनमध्ये फुटपाथच्या कडेला उभे राहून नकाशा पाहणाऱ्याचा मोबाइल दुचाकीवरून हिसकावला जातो. नकाशा पाहायचा तर भिंतीकडे सरकून किंवा दुकानात शिरून पाहावा.

• साध्या कपड्यातला ‘पोलिस’ पाकीट तपासायला मागतो. खरा पोलिस पर्यटकाच्या नोटा मोजत नाही. ‘पोलिस ठाण्यात चला, तिथे दाखवतो’ म्हणावे.

आणखी एक सापळा तरुणांसाठी आहे : पर्यटक व्हिसावर बँकॉकला जा, तिथे डेटा एंट्रीची नोकरी तयार आहे. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच याबाबत इशारा दिला होता. अशा अनेकांना थायलंडमार्गे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले गेले. मार्च २०२५ मध्ये सुमारे साडेपाचशे भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. फिरायच्या व्हिसावर नोकरी मिळत नसते.

पैसे आणि मोबाइल कसे सांभाळायचे?

सगळे पैसे एका जागी ठेवू नयेत. दिवसाचा खर्च खिशात, बाकीचे हॉटेलच्या तिजोरीत. पतीचे कार्ड पत्नीच्या पर्समध्ये आणि पत्नीचे पतीकडे, असे ठेवले तर एक पाकीट गेले तरी प्रवास अडत नाही.

ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आपोआप सुरू नसतात. ते बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वी सुरू करावे लागतात, आणि मर्यादाही तिथेच ठरवता येते. भारतातले सिम रोमिंगवर चालू ठेवावे, नाहीतर ओटीपी येणार नाही. बँकेची चूक नसतानाही तिसऱ्याच कुणी कार्डावरून पैसे काढले, तर बँकेकडून संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकावर भुर्दंड पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मात्र स्वतःच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर हे संरक्षण मिळत नाही.

पासपोर्ट हरवला तर?

घाबरून विमानतळावर धावू नये. क्रम असा :

१. जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या.

२. भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासात जा. दुबईत वाणिज्य दूतावास आहे, दूतावास अबुधाबीत आहे. बँकॉकमध्ये दूतावास सुखुमवित भागात आहे.

३. तिथे नवा पासपोर्ट किंवा भारतात परतण्यापुरते तातडीचे प्रमाणपत्र मिळते. या प्रमाणपत्रावर फक्त घरी परत येता येते, पुढच्या देशात जाता येत नाही.

यासाठी पासपोर्टचे पहिले आणि शेवटचे पान, व्हिसा आणि दोन फोटो यांच्या प्रती वेगळ्या बॅगेत ठेवाव्यात. एक प्रत घरच्यांच्या मोबाइलवर असावी.

अटक झालीच, तर १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या देशाच्या दूतावासाला कळवा, असे सांगण्याचा हक्क आहे. तो मागावा. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नये. गावाकडच्या कुटुंबाला परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

कागदावर लिहून खिशात ठेवा

• दुबई : पोलिस ९९९, रुग्णवाहिका ९९८
• बँकॉक : पर्यटक पोलिस ११५५, रुग्णवाहिका १६६९
• सिंगापूर : पोलिस ९९९, रुग्णवाहिका ९९५
• लंडन : ९९९
• युरोपीय संघातील देश : ११२
• अमेरिका : ९११

याच कागदावर हॉटेलचे नाव-पत्ता तिथल्या भाषेत लिहून घ्यावा. मोबाइलची बॅटरी संपते, कागद संपत नाही.

मागे राहिलेल्यांनीही सावध राहायचे

घरचे परदेशी गेले आहेत, हे गावाला माहीत असते, आणि सोशल मीडियावरच्या फोटोंमुळे चोरांनाही कळते. मग फोन येतो : ‘तुमच्या मुलाला दुबईत पोलिसांनी पकडले आहे, लगेच पैसे पाठवा.’ पलीकडून रडण्याचा आवाजही ऐकवला जातो. कोणत्याही देशाचे पोलिस जामिनाचे पैसे यूपीआयवर मागत नाहीत. फोन ठेवा आणि मुलाला स्वतः लावा. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

निघण्यापूर्वी घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा, जो बाहेर कुणाला माहीत नाही. खरा माणूस अडचणीत असेल तर तो शब्द सांगेल. बाकी बॅग स्वतः भरावी, स्वतः कुलूप लावावे, आणि दारात पार्सल घेऊन आलेल्या पाहुण्याला चहा पाजून मोकळ्या हाताने नव्हे, तर त्याच्या पार्सलासकट परत पाठवावे.