परसातली साखळी

संपादकांनी मला पाठवलं होतं टायटॅनिकच्या नांगरासाठी. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला ‘ब्लॅक कंट्री’ नावाचा कोळशा-लोखंडाचा टापू आहे. तिथल्या नेदरटनमध्ये, नोआ हिंग्ले यांच्या कारखान्यात तो नांगर घडला. वजन जवळजवळ १६ टन. १९११ साली तो डडलीच्या रेल्वे स्टेशनपर्यंत ओढून न्यायला २० घोडे लागले. हे सगळं वहीत उतरवून घेतलं, पण शेजारच्या क्रॅडली हीथला पोचलो आणि नांगराचं कौतुक मागे पडलं.

क्रॅडली हीथ हे राउली रीजिसच्या पॅरिशमधलं, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीतलं गाव. स्टूर नदीच्या या काठाला स्टॅफर्डशायर, पलीकडे जुनं क्रॅडली, ते वूस्टरशायरचं. जमिनीखाली दहा यार्ड जाडीचा कोळशाचा थर. इथे पूर्वी घरोघरी खिळे ठोकले जायचे. यंत्राचे खिळे आले, तो धंदा बसला आणि घरच्या भट्ट्या साखळीकडे वळल्या. जहाजांच्या अवजड साखळ्या कारखान्यात पुरुष करायचे. बारीक साखळी मात्र बायका करायच्या, घरामागच्या परसात, विटांच्या बुटक्या खोलीत.

या साखळीची एक कडी कशी होते, हे डडलीच्या ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियममध्ये बघता येतं. लोखंडाचा गज भट्टीत घालायचा, भाता ओढायचा. तापला की ऐरणीवर तुकडा तोडायला घ्यायचा, वाकवून त्याला इंग्रजी ‘यू’चा आकार द्यायचा. पुन्हा भट्टी. मग दोन्ही टोकं तिरकी चेपून तो तुकडा आधीच्या कडीत ओवायचा, टोकं एकमेकांवर आणायची. आता लोखंड पांढरंफटक तापायला हवं. जरा कमी तापलं तर सांधा धरत नाही, जास्त तापलं तर धातू जळतो. किती तापलं हे डोळ्यांनीच ओळखायचं. बाहेर काढल्यावर हातोड्याचे घाव झटपट पडायला हवेत.

शेवटचा हात ‘ऑलिव्हर’चा. हा पायाने चालवायचा घण. पायटा दाबला की घण खाली येतो, पाय उचलला की वरची लवचीक दांडी त्याला परत वर खेचते. हातात सांडशी आणि हातोडा, पायाखाली घण, अशी एकटी बाई तीन माणसांचं काम करायची. खालच्या साच्यात सांधा गोल होतो आणि जोड कुठे होता ते सापडत नाही. मी गार झालेली कडी हातात घेऊन बोट फिरवून पाहिलं. मला सापडला नाही.

इतक्या कसबाला मिळायचं काय? आठवड्याच्या पन्नासेक तासांना पाच-सहा शिलिंग. मधले दलाल लोखंड आणून द्यायचे, साखळी घेऊन जायचे आणि भावात आपला वाटा काढायचे. एकेक बाई आपापल्या परसात, त्यामुळे भाव करायला एकी नव्हती. रॉबर्ट शेरार्ड या पत्रकाराने १८९७ साली ‘इंग्लंडचे गोरे गुलाम’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक काढलं, त्यात या बायका आहेत.

१९०९ साली ब्रिटिश संसदेने चार धंद्यांसाठी किमान मजुरी ठरवणारी मंडळं नेमायचा कायदा केला. त्यांत साखळी होती. १९१० साली दर ठरला, तासाला अडीच पेनी. चोपन्न तासांना सव्वाअकरा शिलिंग, म्हणजे कमाई जवळपास दुप्पट. पण कायद्यात एक पळवाट होती. कामगाराने लिहून दिलं तर सहा महिने जुन्याच दराने राबवून घेता येत होतं. मालकांनी कागद पुढे केले. अनेकींना वाचता येत नव्हतं, त्यांनी सह्या केल्या. ज्यांनी नकार दिला त्यांना काम बंद. ऑगस्टमध्ये टाळेबंदी सुरू झाली.

ग्लासगोची मेरी मॅकार्थर तेव्हा तिशीत होती. तिने बायकांची संघटना १९०६ सालीच उभी केली होती. तिने सभा घेतल्या, वर्तमानपत्रांना आत आणलं, पाथे कंपनीला चित्रफीत काढू दिली. ७९ वर्षांची पेशन्स राउंड लढ्यात उतरली आणि तिचा चेहरा देशभर गेला. या बायकांना तेव्हा मतही नव्हतं. दहा आठवडे त्या चूल सांभाळत, उपासमार सोसत तग धरून राहिल्या. लोकांनी जवळजवळ ४००० पौंड पाठवले. २२ ऑक्टोबरला शेवटच्या मालकाने नव्या दरावर सही केली.

हे वाचताना मला सोलापूर-सिन्नरच्या विडीवाल्या आठवल्या. त्यांचंही काम घरातलंच, मजुरी हजार विड्यांमागे. आपल्या १९४८च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात विडीचा धंदा होता, पण कायद्यातला दर आणि हातात पडणारा दर यांतलं अंतर क्रॅडली हीथच्या बायकांनी स्वतः कापलं, हे विसरता येत नाही.

उरलेल्या पैशांतून बायकांनी १९१२ साली गावात ‘वर्कर्स इन्स्टिट्यूट’ बांधली. पुढे ती नव्या रस्त्याच्या आड आली, तेव्हा २००६ साली ती उचलून डडलीच्या म्युझियममध्ये नेऊन पुन्हा उभारली. बर्मिंगहॅमला जाणं झालंच, तर स्नो हिलहून गाडी पकडा, क्रॅडली हीथला उतरा. नांगराची गोष्ट विसरलात तरी चालेल, डडलीची ती इमारत आणि एक कडी मात्र नक्की पाहा.