पाण्यातला चढ

कर्नाळ्याच्या माथ्यावरून पश्चिमेला पाहिलं की आधी अभयारण्याचं दाट रान उतरत जातं, मग खारफुटीचे पट्टे लागतात, आणि हवा स्वच्छ असेल तर पनवेलच्या खाडीपलीकडे मुंबई बंदराचं पाणी चमकतं. बोरघाटातून खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला हा किल्ला सोयीचा होता. १६७० साली शिवाजी महाराजांनी तो मोगलांकडून घेतला. त्याचा अंगठ्यासारखा सुळका लांबून ओळखू येतो. इंग्रजांनी या डोंगराला ‘फनेल हिल’ म्हटलं, म्हणजे धुरांड्याचा डोंगर.

याच डोंगराच्या सावलीत, अंगणात ताडपत्रीखाली, माझी बोट ट्रेलरवर उभी असते. सोळा फुटांची फायबरची, मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड. मी घेतली तेव्हाच ती जुनी होती. तरीही पहिली काही वर्षं एका जागी उभी असताना लिव्हर पुढे ढकलला की चार-पाच सेकंदांत ती उचलायची. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आधी वर जायची, मग सावकाश खाली बसायची, आवाज बदलायचा आणि बोट पाण्यात चालायची थांबून पाण्यावरून धावायला लागायची. नंतर मात्र ती नाळ वर गेली की वरच राहायला लागली. इंजिन ओरडतंय, मागे पाण्याचा डोंगर उठलाय, समोरचं काही दिसत नाही आणि वेग जेमतेम सायकलचा.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्यांनी हा फरक अंगावर अनुभवलेला असतो. साधी लाँच पाणी कापत पाऊण-एक तास घेते. स्पीडबोट तेच अंतर वीस-पंचवीस मिनिटांत जाते. स्पीडबोटीचं इंजिन मोठं असतं हे खरं, पण खरा भेद तळात आहे. लाँचचा गोलसर तळ पाणी बाजूला सारतो आणि पुढे जातो. स्पीडबोटीचा मागचा तळ सपाट, काठ धारदार. ठरावीक वेगानंतर पाणीच तिला खालून उचलून धरतं.

मधे जो अडथळा आहे तो समजून घेण्यासारखा आहे. बोट चालली की नाळेपाशी लाट उठते, आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी बोटीइतकी झाली की बोट दोन शिखरांच्या मधल्या खोलगट जागेत अडकते. तो वेग काढायची जुनी रीत आहे: पाण्यातली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला १.३४ ने गुणायचं. सोळा फुटांना सुमारे ५.४ नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. यापुढे जायचं तर बोटीला आपणच उठवलेल्या लाटेवर चढावं लागतं. पाण्यातला चढ तो हाच. तो पार झाला की सपाटी लागते आणि कमी ताकदीत जास्त वेग मिळतो. माझी म्हातारी नेमकी त्या चढावर धापा टाकत होती.

हा चढ माणसाला बराच आधी कळला होता, ताकद मात्र नव्हती. १८७२ साली इंग्लंडमध्ये रॅमस नावाच्या पाद्र्याने तळाला पायरी असलेल्या, पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या जहाजाची कल्पना आरमारापुढे मांडली. विल्यम फ्रूडने टॉर्कीच्या आपल्या टाकीत प्रतिकृती ओढून तिची परीक्षा घेतली. त्या काळची वाफेची इंजिनं इतकी जड होती की स्वतःचंच वजन उचलणं त्यांना जमलं नसतं. हलकं पेट्रोल इंजिन आलं तेव्हा कुठे ही गोष्ट शक्य झाली. म्हणजे प्रश्न पहिल्यापासून वजनाचाच होता. मला हे उमजायला दोन पावसाळे गेले.

पहिल्या पावसाळ्यात मी मोठं इंजिन घ्यायच्या विचारात होतो. खाडीकाठी आऊटबोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका कोळी काकांनी मला थांबवलं. त्यांनी इंजिनाचं झाकणसुद्धा उघडलं नाही. तळावर दोन ठिकाणी बोटाने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, “मशीनला कशाला बोल लावतोस? आधी हिचं वजन करून ये.”

हायवेलगत खडीचे ट्रक तोलतात त्या वजनकाट्यावर मी ट्रेलरसकट बोट नेली. मग बोट उतरवून नुसता ट्रेलर तोलला. वजाबाकीत जे आलं ते बोट नवी असतानाच्या वजनापेक्षा दीडशे किलोंनी जास्त होतं. तांबोळ्याच्या ठेल्यापाशी उभा राहून मी तो आकडा तीनदा पडताळला. म्हणजे इतकी वर्षं दोन दांडगी माणसं तळाखाली लपून माझ्याबरोबर फिरत होती.

जुन्या फायबरच्या बोटीत फळीखाली फोम भरलेला असतो, बोट भरली तरी बुडू नये म्हणून. एखाद्या स्क्रूच्या भोकातून, तडकलेल्या कडेतून पाणी आत झिरपतं आणि वर्षानुवर्षं फोममध्ये मुरतं. उन्हात ठेवून ते सुकत नाही. आम्ही फळी कापली तेव्हा फोम ओल्या पावासारखा हातात आला. मुठीत दाबला की काळपट पाणी गळायचं, गाळाचा वास यायचा. सगळा खरवडून काढला, पोकळी सुकवली, नवा बंद पेशींचा फोम बसवला. आठ दिवसांचं ते काम, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

मग तळ. खाडीच्या पाण्यात बोट महिनाभर उभी राहिली तरी शेवाळ आणि खरखरीत कवचं धरतात. ती घासलीच पाहिजेत. पण त्याहून बारीक दोष काकांनी दाखवला. मागच्या पाच-सहा फुटांना त्यांनी सरळ पट्टी लावली. तळ सरळ होता, कड मात्र रंगाच्या पुटांनी गोल झाली होती. पाणी तळाच्या मागच्या काठावरून ताडकन सुटायला हवं. कड गोल असली की ते वळणाला चिकटून वर ओढलं जातं आणि बोटीचं बूड खाली खेचतं. कड पुन्हा काटकोनात आणायला एक दुपार लागली.

पंख्याबद्दल, म्हणजे प्रॉपेलरबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक पैसे वाया घालवतात. पंख्यावर पिचचा आकडा असतो. १३ म्हणजे एका फेऱ्यात तो, लोण्यातून स्क्रू गेल्यासारखा, १३ इंच पुढे जाईल. पाण्यात थोडा घसरतो, पण हिशेब तोच. जास्त पिच म्हणजे गाडीचा वरचा गियर. माझ्या इंजिनाने पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला ४५०० ते ५५०० फेरे घ्यायला हवेत. ते ४३०० वर अडत होतं. वरच्या गियरमध्ये घाट चढणाऱ्या गाडीची हीच दशा होते, आणि इंजिनही त्यात झिजतं. पिच एका इंचाने उतरवली की साधारण दीडशे-दोनशे फेरे वाढतात. १३ काढून ११ चा पंखा लावला. वरचा वेग थोडा गेला, त्याचं मला दुःख नाही. चार पात्यांचा पंखाही चढावर पाणी चांगलं धरतो. मात्र नवा पंखा घेण्याआधी जुन्यातलं रबरी बूश तपासा. ते सुटलं असेल तर फेरे वाढतात आणि पाण्याला जोर पोचत नाही.

मागे लावायच्या फळ्या, म्हणजे ट्रिम टॅब, किंवा इंजिनावर बसवायचे पंख उपयोगी पडतात. ते बूड वर उचलतात. पण ओला फोम तसाच ठेवून ते लावणं मला पटत नाही. त्याआधी फुकटातलं करून पाहावं. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी पुढे सरकवली. इंजिनाची पिन सगळ्यात आतल्या भोकात घातली, म्हणजे सुरुवातीला जोर नाळ खाली दाबायला मिळतो. पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत आहे ना, ते पाहिलं. आणि बोटीतलं नांगराचं जादा दोरखंड, गंजलेली हत्यारं, तीन रिकामे कॅन घरी राहिले.

वजनाचं आणि धावेचं हेच गणित मला पक्ष्यांतही दिसतं. उरणच्या पाणथळीत हिवाळ्यात वारकरी पक्षी येतात. काळे, कपाळावर पांढरा टिळा. त्यांना जागच्या जागी उडता येत नाही. पाय पाण्यावर आपटत ते लांबवर धावतात, पंख मारतात आणि मग कुठे पाणी सोडतात. पोट भरलेलं असेल तर धाव आणखी लांबते. मी दुर्बीण घेऊन ती धाव मोजत बसतो.

नारळी पौर्णिमेनंतर, पाऊस उघडला त्या रविवारी, भरती पुरती चढल्यावर बोट पाण्यात सोडली. ओहोटीला या खाडीत नुसता चिखल उरतो, म्हणून वेळ साधावी लागते. काका पुढच्या फळीवर बसले, मी लिव्हरवर. पाणी आरशासारखं होतं. लिव्हर पुढे केला, नाळ वर गेली आणि माझ्या पोटात जुनी भीती उठली. एक, दोन, तीन, मी मोजत होतो. पाच म्हणायच्या आत नाळ खाली आली, मागचा पाण्याचा डोंगर विरघळून पांढरी रेघ झाली, इंजिनाचा आवाज मोकळा झाला.

काकांनी हाताने खूण केली, थ्रॉटल कमी कर. मी अर्ध्यावर आणला. बोट खाली बसली नाही. डावीकडे, ढगातून नुकताच बाहेर आलेला, ओला सुळका आमच्याबरोबर सरकत होता.