प्रीमियर पद्मिनीचे पुनरुज्जीवन
वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला कारखान्यात १९६४ पासून तयार होणारी फियाट ११०० डिलाइट पुढे १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, आणि आजही जुन्या मोटारींचे शौकीन तिच्या १०८९ सीसी इंजिनाइतकाच स्टिअरिंगलगतच्या गिअरच्या दांड्यावर जीव टाकतात. पुनरुज्जीवनाची खरी कसोटी मात्र पत्र्याची असते. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तळाचा पत्रा गंजतो, आणि गंज न काढता त्यावर नुसता रंग चढवणे हा गाडीवर अन्यायच होय. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणारा कार्ब्युरेटरही शक्यतो मूळचाच दुरुस्त करावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांनाच मिळते.