जुन्या ट्रकची गळती

तापीकाठच्या सुरत नगरीत खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या आपल्या मंडळींपैकी पुष्कळांचा संसार मागावर आणि गिरणीत उभा राहिला. काहींचा मात्र ट्रकच्या चाकांवर. सुरतेचे कापड भरून बार्डोली, व्यारा, सोनगड, नवापूर करीत कोंडाईबारीचा घाट चढायचा आणि धुळे गाठायचे, असा त्यांचा क्रम असे. त्या पिढीचा एखादा ट्रक आजही कुणाच्या अंगणात उभा दिसतो. वडिलांच्या कष्टांची ती खूण भंगारात घालण्यास मन धजत नाही. पण गाडीखाली तेलाचा काळा डाग पसरू लागला की घरात वाद सुरू होतो : ठेवायची की मोडीत काढायची? हा निर्णय घेण्यापूर्वी ती गळती नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार केला आणि जमशेदपुरास ट्रक तयार होऊ लागले. हे सहकार्य १९६९ पर्यंत चालले. या टाटा-मर्सिडीज गाड्या काय, किंवा सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील डॉज-फार्गो काय, त्यांचे गिअरबॉक्स दणकट होते. त्यांतील दाते सहसा दगा देत नाहीत. तेल मात्र आटले, तर तेच दाते आणि बेअरिंगे तापून झिजतात आणि ऐन घाटात गिअर अडकण्याची वेळ येते. म्हणून गळतीकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

पहिली गोष्ट ही, की तेल जेथे ठिबकते तेथेच ते गळत असते असे नाही. चालत्या गाडीतील वारा त्याला मागे ढकलतो आणि ते उतार धरून खाली येते. यास्तव गिअरबॉक्स रॉकेलने स्वच्छ धुवून पुसावा, त्यावर खडूची पूड भुरभुरावी, गाडी थोडी फिरवून आणावी आणि मग पाहावे. ओल जेथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे उमटली असेल, तेथे मूळ शोधावे. तेल कोणते हेही ओळखावे. गिअरचे तेल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. इंजिनाचे तेल तुलनेने पातळ आणि काजळीने काळे झालेले असते. इंजिनाच्या मागील सीलमधून आलेल्या तेलासाठी गिअरबॉक्स उघडला गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

उधन्याच्या बाजूस आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात वडिलांचा असाच ट्रक आहे. त्याच्या मागील बाजूचे ऑइल सील एका वर्षात तीन वेळा बदलले, तरी तेल येतच राहिले. मुलाने भंगारवाल्याशी भावही ठरवला होता. शेवटी एका वृद्ध मिस्त्रीने गिअरबॉक्सच्या माथ्यावरील ब्रीदर काढून पाहिला, तो चिखलाने गच्च बुजलेला. गिअरबॉक्स तापला की आतील हवा प्रसरण पावते. तिला बाहेर पडण्याची ही वाट बंद असेल, तर ती तेलालाच सीलमधून ढकलते. ब्रीदर साफ झाला, सील बदलले आणि गळती थांबली. म्हणून आधी ब्रीदर पाहावा आणि त्यानंतर तेलाची पातळी. गाडी सपाट जागी असता तेल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंतच असावे. 'थोडे जास्त बरे' म्हणून ओतलेले तेल बाहेरच येते.

पुढल्या बाजूस ही काळजी अधिकच हवी. काही जुन्या गिअरबॉक्सांत तेथे रबरी सील नसतेच. झाकणाच्या आतील बाजूस कोरलेले आटे फिरत्या शाफ्टवरील तेल मागे वळवतात. तेल अधिक झाले की ते अपुरे पडतात आणि तेल क्लच प्लेटवर जाऊन क्लच घसरू लागतो.

आता सीलविषयी. पूर्वी सील चामड्याचे असत. जर्मनीतील फ्रॉयडेनबर्ग या मूळच्या कातडी कमावणाऱ्या कंपनीने १९३० च्या सुमारास अशी सीले बनवली आणि पुढे कृत्रिम रबराकडे वळली. विहिरीवरची मोट कोरडी पडली की आखडते, हे आपल्या खानदेशी वाचकांस सांगावयास नको. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीतील चामडी सीलाचीही तीच गत होते. त्याच मापाचे रबरी सील मिळत असेल तर ते बसवावे. मात्र त्याआधी शाफ्टवरून नख फिरवून पाहावे. नख अडकले तर सीलच्या कडेने तेथे खाच पाडली आहे असे समजावे. त्यावर पातळ पोलादी बाही चढवावी, नाहीतर नवे सीलही टिकणार नाही. शाफ्ट वरखाली हलत असेल तर दोष बेअरिंगचा आहे. सीलची कड तेलाकडे असावी, तिला तेल लावावे आणि सील सपाट ठोकळ्याने सारखे ठोकत बसवावे.

झाकणांचे पॅकिंग कागदी असते. दोन्ही पृष्ठभाग खरवडून निर्मळ करावेत, शेलॅकचा पातळ हात द्यावा आणि बोल्ट समोरासमोरचे घेत टप्प्याटप्प्याने आवळावेत. जे बोल्ट आरपार तेलात उतरतात, त्यांच्या आट्यांनाही लेप लावावा. तेथून पाझरणारे तेल पुष्कळदा पॅकिंगच्या नावावर जाते. नवे तेल घेताना गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घ्यावे. जुन्या गिअरबॉक्सात पितळ वा काशाचे भाग असतात आणि जीएल-५ प्रतीच्या काही तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये त्यांना खातात. ९० नंबरचे जीएल-४ तेल बहुधा योग्य ठरते. काढलेले तेल गटारात ओतू नये. आणि गाडीखाली जाताना केवळ जॅकवर विसंबू नये. चाकांना अडणी आणि खाली भक्कम घोडी हवीच.

जुन्या लोखंडावर तेलाची किंचित ओल दिसली तर घाबरण्याचे कारण नाही; थेंब पडू लागला तरच उपाय करावा. त्यातील पहिले उपाय तर काही रुपयांत आणि एका सुट्टीच्या दिवसात होण्यासारखे आहेत. ते केल्यावाचून भंगारवाल्यास बोलावू नये.