शनी उजनीत तरंगेल का?

भिगवणजवळ कुंभारगावला उजनी जलाशयाच्या काठावर पक्षी बघायला आलेली मंडळी होडीत पाय ठेवताना हमखास विचारतात, "एवढे जण बसलो तर जड होऊन बुडणार नाही ना?" प्रश्न रास्त आहे, पण त्यामागचा समज चुकीचा. जड ते बुडतं आणि हलकं ते तरंगतं, असं आपण धरून चालतो, पण ठरवते ती घनता. लोखंड पाण्यापेक्षा जवळजवळ 8 पट घन, म्हणून खिळा बुडतो. त्याच लोखंडाचा पत्रा वाकवून होडी केली की आत हवा मावते आणि होडी आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारून वर राहते. 60 किलोचा माणूस चढला की होडी आणखी 60 लिटर पाणी सारण्यापुरती खाली जाते, एवढंच. कड पाण्याला टेकेपर्यंत हा हिशेब जमतो. वादळात कलंडणं मात्र निराळं. तिथे होडीची घनता वाचवत नाही, अंगातलं लाइफ जॅकेट वाचवतं.

हाच हिशेब पाखरांतही दिसतो. पट्टकादंब हंस पाण्यावर उंच बसतो, कारण त्याच्या तेलकट पिसांत हवा अडकून राहते. पाणकावळ्याची पिसं भिजतात, म्हणून त्याचं अंग निम्मं पाण्यात असतं आणि नंतर तो खुंटावर पंख वाळवत बसतो. रोहित (फ्लेमिंगो) मात्र बहुतेक वेळ तरंगत नसतोच, चिखलात उभा असतो!

दुसरा समज असा, की गुरुत्वाकर्षण कमी असेल तिथे वस्तू जास्त तरंगते. उजनीचा जलाशय चंद्रावर नेला असं समजू. होडीचं वजन एक षष्ठांश होईल, पण तिने सारलेल्या पाण्याचंही तेवढंच होईल. म्हणजे होडी इथल्याइतकीच बुडून राहील, फक्त लाटा संथ उठतील. गुरुत्वाकर्षण अजिबातच नसेल, तर पाणी वर ढकलणारच नाही. मग तरंगणंही नाही आणि बुडणंही नाही.

आता शनी. त्याची सरासरी घनता दर घन सेंटिमीटरला साधारण 0.69 ग्रॅम, पाण्याहून कमी. म्हणून "शनी टबात तरंगेल" हे वाक्य शाळेपासून आपल्या कानावर असतं. गोम 'सरासरी' या शब्दात आहे. शनी म्हणजे काही लाकडाचा ओंडका नव्हे. वरचे थर विरळ वायूचे, गाभा पाण्याहून कितीतरी घन, आणि पाय ठेवायला पृष्ठभागच नाही. शिवाय पृथ्वीच्या 95 पट वस्तुमानाचा हा गोळा मावेल एवढं पाणी एकत्र आणलं, तर ते स्वतःच्याच ओढीने गोळा होऊन नवा ग्रह बनेल. टब उरणार कुठे?

त्यापेक्षा शनीचा चंद्र टायटन जास्त मजेशीर. तिथे द्रव मिथेन आणि इथेनची खरीखुरी तळी आहेत, आणि हे द्रव पाण्याहून बरेच हलके. आपल्या पेल्यात वर येणारा बर्फाचा खडा त्या तळ्यात टाकला, तर दगडासारखा तळाशी जाईल.